फ्रिजचं दार कुणी उघडायचं?

मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर ऑक्सालिप्लाटिन घेऊन बायको घरी येते, माठातलं गार पाणी पिते आणि घसा आवळल्यासारखा होऊन घाबरते. फ्रिजमधली दुधाची पिशवी उचलली, तर बोटांत सुया टोचतात. नवऱ्याला वाटतं, हे काय नवीनच!

हे औषधामुळेच होतं. जपानमधल्या नागोया इथे योशिनोरी किदानी यांनी १९७६ मध्ये शोधलेलं हे प्लॅटिनमचं संयुग चेतातंतूंमधल्या सोडियमच्या वाटा बिघडवतं. मग जरासा गारवाही त्यांना चाळवतो. हा त्रास बहुधा काही दिवसांत ओसरतो. घशात वाटणारी गुदमर सहसा भासच असते. मात्र श्वास खरोखर लागला, अंगावर पित्त उठलं, तर तडक डॉक्टर गाठायचे.

त्या दिवसांत फ्रिज नवऱ्याने उघडावा, भांडीही त्यानेच घासावीत. प्यायला कोमट पाणी, बाहेर पडताना हातमोजे.

आणि एक वही ठेवावी. ब्लाउजचे हूक लावताना बोटं अडखळतात का? दोन डोसांच्या मधेही मुंग्या राहतात का? डोस वाढत जातात तशी नसांची इजा साचते, आणि औषध बंद होईल या धास्तीने रुग्ण ती लपवतात. डोस कमी करायचा की थांबवायचा, हे डॉक्टर या नोंदींवरूनही ठरवतात.

तापाला मात्र वहीत जागा नाही. केमोने पांढऱ्या पेशी घटलेल्या असतात, थर्मामीटरने १००.४ अंश फॅरनहाइट दाखवला, की घरची गोळी देऊन वाट न पाहता रुग्णालयाला फोन करायचा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.