शेतातली माती विकण्याआधी एकदा थांबा!

शेतकरी बंधूंनो, धुऱ्यावर वीटभट्टीवाला येतो, रोख पैसे दाखवतो आणि वावराची वरची माती मागतो. हात सैल असला की आपण हो म्हणतो. पण हिशेब करून पाहा. हजार विटांना सुमारे तीन टन माती लागते. पाच लाख विटा निघाल्या, म्हणजे एकरातली जवळजवळ फूटभर माती गेली! जे कसदार आहे तेच गेले. मग कितीही खत टाका, पीक पहिल्यासारखे येत नाही.

दुसरीकडे कन्हान परिसराजवळच कोराडी आणि खापरखेडा वीज केंद्रांतून राखेचे ढीग निघतात. आपला कोळसा जास्त राखेचा. शंभर किलो जाळला तर तीस-चाळीस किलो राख उरते. जुलै २०२२ मध्ये खसाळ्याच्या राख तलावाचा बांध फुटला आणि राख कोलार-कन्हान नद्यांत गेली. पडून राहिली तर जी डोकेदुखी, तीच कामात आणली तर कच्चा माल.

राख, चुना, जिप्सम आणि रेती किंवा चुरी मिसळून यंत्रात दाबली की वीट तयार. चुन्याऐवजी सिमेंटही चालते. भट्टी नाही, लाकूड-कोळसा नाही. मात्र किमान दोन आठवडे पाणी मारावे लागते. इथे घाई केली तर वीट कच्ची राहते. गावातला बचत गट किंवा चार तरुण मिळून हे काम करू शकतात. राख हाताळताना तोंडाला कापड बांधायला विसरू नका.

ही गोष्ट कायद्यालाही धरून आहे. सुपीक माती वाचवण्यासाठी केंद्र सरकारने १९९९ मध्ये राखेच्या वापराची अधिसूचना काढली. डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने वीज केंद्रापासून ३०० किलोमीटरच्या आतील बांधकामांवर राख वापरण्याचे बंधन घातले.

हा विचार आपल्याला परका नाही. १९३४ साली वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला. कुमारप्पांनी तेव्हापासून हेच सांगितले, की जवळच्या मालातून, जवळच्या हातांनी, जवळच्या गरजेसाठी वस्तू घडवा.

सरपंच, ग्रामसेवक साहेब, पुढच्या अंगणवाडीच्या अंदाजपत्रकात राखेच्या विटेची नोंद करा. माल घेताना दोन विटा एकमेकींवर आपटून पाहा, खणखणीत आवाज आला पाहिजे. शाळेची भिंत पुन्हा बांधता येते बाप्पा, वावराची माती नाही.