शिडाला कापड कोणतं? जाड नव्हे, न ताणणारं!

मी नाशिकहून बोलतोय. आजचा विषय एका श्रोत्याच्या व्हॉइस मेसेजवरून. तो प्लायवुडची 8 फुटी होडी बांधतोय आणि विचारतोय, ‘आपल्याच जिल्ह्यात मालेगावला एवढे पॉवरलूम आहेत. तिथलं जाड कापड आणून शीड शिवलं तर चालेल का?’

प्रश्न भारी आहे. उत्तर मात्र ‘नाही’. मालेगावच्या कापडात खोट नाहीये, पण नेहमीचं कापड शिडाच्या कामासाठी विणलेलंच नसतं.

शीड करतं काय?

शीड म्हणजे नुसता वारा अडवणारा पडदा नाही. त्याला विमानाच्या पंखासारखा बाक असतो आणि त्या बाकामुळेच होडी नागमोडी वळणं घेत वाऱ्याच्या विरुद्ध वर चढते. कापड ताणलं गेलं की बाक बिघडतो. मग होडी जास्त कलते आणि वर चढायचं सोडून बाजूला वाहत जाते. गंगापूर धरणासारख्या मोठ्या पाण्यात याचा अर्थ सरळ आहे: निघालात त्या काठाला परत येता येत नाही.

पहिली परीक्षा: उरेब

कापड उभ्या-आडव्या धाग्याच्या दिशेने ओढा, फारसं ताणणार नाही. आता तिरकं ओढा. शिंपी याला उरेब म्हणतात. शर्टाचं कापड इथे लगेच लांबतं. शिडाचं कापड अतिशय घट्ट विणतात, उष्णता देऊन आटवतात आणि वर रेझिन बसवतात. म्हणून ते कागदासारखं कडक लागतं, हलवलं की आवाज करतं. पण एक लक्षात ठेवा: नमुना मुठीत चुरगाळून बघा. पांढऱ्या रेषा खूप उमटल्या तर वीण सैल आणि रेझिनच जास्त. रेझिन झिजलं की असं कापड सैल पडतं.

दुसरी परीक्षा: ऊन

शेततळ्याचा कागद घेताना आपले शेतकरी आधी विचारतात, ‘यूव्ही आहे ना?’ शिडाबाबत हाच प्रश्न विचारा.

नायलॉन हलकं आणि मजबूत, पण ताणतं आणि उन्हात लवकर कमजोर होतं. केव्हलार ओढीला जबरदस्त, पण ऊन आणि घड्या दोन्ही त्याला सोसत नाहीत. सुती कापड पाणी पितं, ओलं ठेवलं की बुरशी धरतं. तरी एके काळी तेच उत्तम होतं. 1851 साली इंग्लंडमधली शर्यत ‘अमेरिका’ नावाच्या नौकेने जिंकली, त्यामागचं एक कारण म्हणजे तिची घट्ट विणीची सुती शिडं. इंग्रजांची शिडं लिननची, जास्त ताणणारी होती. 1950 च्या दशकात पॉलिस्टर आलं आणि सुती शिडं मागे पडली. डेक्रॉन म्हणतात ते हेच. ते कमी ताणतं, पाणी जवळजवळ पीत नाही, उन्हातही बऱ्यापैकी टिकतं. आपल्याला हेच हवं.

किती जाड?

छोट्या होडीला साधारण 4 औंसाचं कापड पुरतं. शिडवाल्यांचा 1 औंस म्हणजे चौरस मीटरला सुमारे 43 ग्रॅम, म्हणजे आपलं कापड झालं 170 ग्रॅमच्या आसपास. जीन्सचं कापड याच्या दुप्पट जड, तरी शीड म्हणून बिनकामाचं!

दोरा विसरू नका

शिवण कापडाच्या वर असते, त्यामुळे ऊन आधी दोऱ्याला खातं. यूव्हीला टिकणारा जाड पॉलिस्टर दोरा घ्या आणि टाके झिगझॅग घाला. सरळ टाका ताण आला की तुटतो. दर हंगामात शिवणीवर नख घासून बघा. दोरा तुटला तर पुन्हा शिवायची वेळ झाली.

बजेट कमी असेल तर पहिलं शीड ताडपत्रीचं करा. माप आणि बाक शिकायला ते चांगलं. नंतर डेक्रॉन कापा. आणि काम झालं की शीड उतरवून, वाळवून, झाकून ठेवा. उन्हात फडफडत ठेवलेलं महागडं कापडही लवकर संपतं.

होडी धरणात उतरवण्याआधी पाटबंधारे विभागाची परवानगी घ्या, आणि लाइफ जॅकेटशिवाय पाण्यात जायचं नाही म्हणजे नाही!

तुमचे प्रश्न व्हॉइस मेसेजवर पाठवत राहा. भेटू पुढच्या भागात!