यंत्र माणसाच्या मापाचे
‘ह्युमन इंजिनिअरिंग’ म्हटले की माणसाच्या जनुकांत फेरफार असे काहीतरी वाटते. अर्थ नेमका उलटा आहे: माणूस आहे तसाच धरायचा आणि यंत्र त्याच्या हाताला, डोळ्यांना, सवयींना जुळवायचे.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची काही बी-१७ बॉम्बफेकी विमाने सुखरूप उतरत आणि मग धावपट्टीवरच पोटावर बसत. उतरल्यावर पंखांचे फ्लॅप मिटायचे, त्याऐवजी वैमानिक चाकेच मिटवत. दोष अर्थातच वैमानिकांच्या माथी. आल्फॉन्स चपॅनिस या मानसशास्त्रज्ञाने कॉकपिट पाहिले, तर दोन्हींचे खटके शेजारी-शेजारी आणि अगदी सारखे! त्याने चाकांच्या खटक्यावर छोटे रबरी चाक बसवले, फ्लॅपच्या खटक्यावर पाचरीसारखा तुकडा. अंधारातही बोटांना फरक कळू लागला. आजही प्रवासी विमानांत चाकांच्या दांड्याची मूठ चाकाच्याच आकाराची असते.

ब्रिटनमध्ये १९४९ पासून याच शास्त्राला ‘अर्गोनॉमिक्स’ हे नाव रुळले. मराठीतला ‘मानव अभियांत्रिकी’ हा शब्द मला फसवा वाटतो. घडवायचे असते ते यंत्र. शेगडीची कुठली कळ कुठल्या बर्नरची, हे रोज आठवावे लागत असेल, तर ती शेगडी बनवताना हाच विचार राहून गेला आहे.