सुपरचार्जर चढवलेल्या कॅमेरोचा रेडिएटर

१९६७ ते १९६९ च्या शेवरोले कॅमेरोत ५.७ लिटरचे व्ही-८ इंजिन मिळे. तिचा रेडिएटर त्या इंजिनाच्या मूळ ताकदीला पुरेल असा होता. सुपरचार्जर जास्त हवा दाबून भरतो, तेवढे पेट्रोलही जास्त जळते आणि त्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्सा पाण्यात उतरतो. मात्र रस्त्यावर पूर्ण जोर लागतो तो काही सेकंदच. म्हणून मोठा रेडिएटर विकत घेण्याआधी गाडी नेमकी कधी तापते, हे पाहणे फार महत्त्वाचे.

सिग्नलला उभी असताना काटा चढत असेल आणि वेग घेतल्यावर उतरत असेल, तर कमतरता हवेची आहे. रेडिएटर कितीही मोठा बसवला तरी ती भरून निघत नाही. मूळचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. उभ्या गाडीत तो मंदावतो. रेडिएटर आणि पंखा यांच्यामधले आवरण, म्हणजे श्राउड, काढून टाकलेले असेल तर पंखा रेडिएटरच्या जाळीतून हवा ओढण्याऐवजी आजूबाजूचीच गरम हवा घुसळत राहतो. पूर्ण जाळी झाकणारे श्राउड हा सगळ्यात स्वस्त आणि बहुतेक वेळा सगळ्यात गुणकारी उपाय आहे.

सुपरचार्जरचा रुंद पट्टा इंजिनाच्या तोंडाशीच येतो आणि पंख्याची जागा खातो, त्यामुळे पुष्कळजण विजेचे पंखे लावतात. दोन मोठे पंखे मिळून तीस-चाळीस अँपिअर सहज ओढतात, तर १९६९ च्या कॅमेरोचा साधा अल्टरनेटर ३७ अँपिअरचा. त्यातही इंजिन मंद चालताना तो याहून कितीतरी कमी वीज देतो. म्हणजे पंख्यांबरोबर नवा अल्टरनेटर, जाड वायर आणि रिले हे ओघानेच आले.

याउलट हायवेवर गाडी तापत असेल तर दोष पाण्याच्या वाटेत किंवा रेडिएटरच्या क्षमतेत असतो. रेडिएटरचा खालचा होज आधी तपासावा: पंपाच्या ओढीने तो आत चेपतो आणि प्रवाह अडतो. आतली स्प्रिंग गेलेली असेल तर हे हमखास घडते. होज ठीक असेल तर मग रेडिएटर बदलावा. तांबे उष्णता ॲल्युमिनियमपेक्षा चांगली वाहते, तरीही आजचा रुंद नळ्यांचा दोन ओळींचा ॲल्युमिनियम रेडिएटर जुन्या तांब्या-पितळेच्या रेडिएटरला सहसा मागे टाकतो, शिवाय वजनाला हलका. साधारण एक बार दाबाचे झाकण धड असले तर साधे पाणीही सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. थर्मोस्टॅट काढून टाकणे हा उपाय नव्हे. इंजिन कमीत कमी किती गरम राहावे एवढेच तो ठरवतो.

दाबलेली हवा स्वतःही तापते आणि सिलिंडरमध्ये ठोके बसून पिस्टन फुटू शकतात. ती हवा थंड करायला पाण्यावर चालणारा इंटरकूलर वेगळ्या पंपासह बसवतात. त्याची जाळी मुख्य रेडिएटरच्या पुढे असते, म्हणून रेडिएटरला आधीच कोमट झालेली हवा मिळते. क्षमता ठरवताना हे गृहीत धरावे लागते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल रेडिएटरच्या टाकीतूनच फिरत असेल तर त्याला स्वतंत्र कूलर दिलेला बरा.

ठोके टाळायला ठिणगी उशिरा पाडतात, पण ती सदासर्वकाळ उशिरा ठेवली तर मंद गतीतही इंजिन विनाकारण तापते. फक्त दाब चढल्यावर ठिणगी उशिरा पाडणारे इग्निशन असले तर तो विनाकारण भार रेडिएटरवर पडतच नाही.