रोटोडाइन: भुईचक्राच्या तत्त्वावर उडालेले विमान

दिवाळीतले भुईचक्र आठवा. त्याला कोणी हात लावत नाही. कडेने बाहेर पडणाऱ्या ज्वाळेच्या रेट्यानेच ते गरगरते. 1950च्या दशकात इंग्लंडमधल्या फेअरी एव्हिएशन कंपनीने याच तत्त्वावर 27 मीटर व्यासाचा रोटर फिरवला आणि त्याखाली 40 प्रवाशांचे विमान जोडले. त्याचे नाव रोटोडाइन.

एवढा खटाटोप कशासाठी? हेलिकॉप्टर जागच्या जागी उठते, पण फार वेगाने धावू शकत नाही. पुढे जाताना एका बाजूचे पाते वाऱ्याला सामोरे जाते, तर दुसऱ्या बाजूचे मागे फिरत असते. वेग वाढला की मागे फिरणाऱ्या पात्याला पुरेसा वाराच मिळत नाही आणि त्या बाजूची उचल ढासळते. विमानाला ही अडचण नाही, पण त्याला लांब धावपट्टी लागते. रोटोडाइनला दोन्हीतले चांगले तेवढे हवे होते.

त्याला आखूड पंख होते आणि पंखांखाली नेपियर इलँड जातीची दोन टर्बोप्रॉप इंजिने. उड्डाणाच्या वेळी ही इंजिने हवा दाबून ती पंखांतून, रोटरच्या माथ्यातून, चार पोकळ पात्यांच्या टोकांपर्यंत पोचवत. तिथे तिच्यात इंधन मिसळून जाळले जाई आणि रोटर फिरू लागे. रेटा टोकाशीच निर्माण होत असल्याने विमानाचे धड उलटे फिरू पाहत नसे. म्हणून शेपटीला छोटा पंखा लावावा लागला नाही. वेग आला की टोकाच्या ज्वाळा विझवायच्या आणि इंजिनांची सगळी ताकद पुढच्या पंख्यांना द्यायची. मग रोटर वाऱ्यात धरलेल्या भिंगरीसारखा आपोआप फिरत राही आणि वजनाचा मोठा वाटा पंख उचलत. रोटरवरचा भार असा हलका करणे, ही या यंत्रातली सर्वांत शहाणी गोष्ट मला वाटते.

6 नोव्हेंबर 1957 रोजी ते प्रथम उडाले. उभ्या उड्डाणातून आडव्या उड्डाणात पूर्ण बदल पुढच्या एप्रिलमध्ये साधला. 5 जानेवारी 1959 रोजी रॉन गेलॅटली आणि जॉन मॉर्टन यांनी 100 किलोमीटरच्या बंद मार्गावर ताशी 307 किलोमीटरचा जागतिक विक्रम केला. ब्रिटिश युरोपियन एअरवेज आणि न्यूयॉर्क एअरवेज या कंपन्यांनी त्यात रस दाखवला.

घोडे अडले ते आवाजावर. टोकातून प्रचंड वेगाने सुटणारा तप्त वायू स्थिर हवेवर आदळला की कानठळ्या बसत. शिवाय या ज्वाळा पेटत त्या नेमक्या चढताना आणि उतरताना, म्हणजे ज्या शहरांच्या मध्यवस्तीसाठी हे यान घडवले होते, त्यांच्याच डोक्यावर. आवाज कमी करणाऱ्या नळ्यांवर काम सुरू होते आणि सुधारणाही होत होती. पण 1960 मध्ये फेअरीचा हा विभाग वेस्टलँड कंपनीकडे गेला, मोठ्या आवृत्तीचा खर्च वाढत राहिला, पक्की मागणी हाती आली नाही आणि फेब्रुवारी 1962 मध्ये सरकारने पैसे थांबवले.

प्रकल्प थांबवण्यामागचे हिशेब समजू शकतात. पण उडून दाखवलेला एकमेव नमुना मोडून टाकणे, ही अक्षम्य चूक होती. त्याचे उरलेले काही तुकडे आज इंग्लंडमध्ये वेस्टन-सुपर-मेअर इथल्या हेलिकॉप्टर संग्रहालयात आहेत.