जाड तेल, पातळ तेल

“इंजिन मुरलं की तेल जाड घालायचं,” हे बाबांचे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो. त्यांच्या प्रीमियर पद्मिनीत नेहमी २०डब्ल्यू-५० असे. गेल्या हिवाळ्यात माझ्या सहा वर्षांच्या गाडीचे तेल बदलायला मी वाटेतल्या एका गॅरेजात थांबलो. गाडीच्या पुस्तिकेत ०डब्ल्यू-२० लिहिलेले. मिस्त्री म्हणाला, “साहेब, हे तर पाणी. इंजिन खाऊन टाकेल.” बाबांचेच म्हणणे दुसऱ्याच्या तोंडून ऐकून मी मान डोलावली आणि २०डब्ल्यू-५० भरून घेतले.

आठवड्यातून तीनदा पहाटे बाबांना डायलिसिसला न्यावे लागते. पुढच्याच फेरीला इंजिन सुरू होताच काही सेकंद टकटक झाली. मागच्या सीटवरून बाबांनीच ती आधी ओळखली. “वर तेल पोचत नाहीये,” ते म्हणाले. तेल तर पूर्ण भरलेले होते, आणि तेही जाड! मग पोचत का नाही, या प्रश्नापासून माझा शोध सुरू झाला.

रव्याच्या लाडवांचा पाक एकतारी झाला का, हे आपण बोटांनी पाहतो. तोच पाक गार झाला की पातेल्यातून ओतता ओतत नाही. वाहण्याला द्रव आतून जो विरोध करतो, त्याला श्यानता म्हणतात. तेलाच्या बाबतीत ती सेंटीस्टोक या एककात मोजतात. २० अंश सेल्सिअसचे पाणी साधारण १ सेंटीस्टोक असते.

तेलांची श्यानतेनुसार पहिली वर्गवारी अमेरिकेतील एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने १९११ साली केली. आजच्या वर्गवारीत डब्बावरचे दोन आकडे दोन वेगळ्या परीक्षांचे असतात. ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर, हिवाळा. ०डब्ल्यूची परीक्षा उणे ३५ अंशांना होते, २०डब्ल्यूची उणे १५ला. दुसरा आकडा १०० अंशांचा, म्हणजे तापलेल्या इंजिनाचा. तिथे ‘२०’ तेलाची श्यानता ६.९ ते ९.३ सेंटीस्टोक असावी लागते, ‘५०’ तेलाची १६.३ ते २१.९. थोडक्यात, हे आकडे म्हणजे मापे नव्हेत, इयत्ता आहेत.

इथे एक गैरसमज हमखास होतो. ०डब्ल्यू-२० हे तेल गारठ्यात पातळ असते आणि तापल्यावर जाड होते, असे अनेकांना वाटते. तसे कोणतेच इंजिन ऑइल करत नाही. तापल्यावर प्रत्येक तेल पातळच होते; बहुश्रेणी तेल मिसळलेल्या पॉलिमरांमुळे त्या मानाने कमी पातळ होते, इतकेच. ४० अंशांना ०डब्ल्यू-२० साधारण ४५ सेंटीस्टोक असते, तर २०डब्ल्यू-५० दीडशेच्या आसपास किंवा पुढे. आपल्याकडे उणे ३५ अंश कुठले? पण पुण्यातली १२ अंशांची पहाटही थंड इंजिनाला थंडच असते.

मग पातळ तेल भार पेलते कसे? याचे उत्तर १८८३ साली इंग्लंडमध्ये मिळाले. बोशाँ टॉवर हा अभियंता रेल्वेच्या आसांसारख्या बेअरिंगांवर प्रयोग करत होता. तेल घालण्यासाठी त्याने बेअरिंगला वरून भोक पाडले, तर फिरत्या आसाबरोबर तेल त्यातूनच वर येऊ लागले. भोकात बूच मारले, तेही उडाले. फिरणारा आस तेलाला अरुंद फटीत ओढत होता आणि त्या दाबावर भार तरंगत होता. १८८६ साली ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने याचे गणित मांडले. धातूला धातूपासून दूर ठेवते ती ही पातळशी चकती. ती टिकायला श्यानता, वेग, भार आणि फट यांचा मेळ बसावा लागतो. तेल फार पातळ असेल तर चकती तुटते. फार जाड असेल तर घर्षण आणि इंधन वाढते, आणि तेल पोचायला उशीर होतो.

माझ्या इंजिनात हेच झाले. त्याच्या फटी मिलीमीटरच्या काही शतांशांएवढ्या. शिवाय झडपांची वेळ बदलणारी यंत्रणा तेलाच्याच दाबावर, बारीक वाटांतून चालते. गार, जाड तेल वर चढेपर्यंत ते भाग जवळजवळ कोरडेच फिरत होते.

जाड तेल नेहमीच चूक, असेही नाही. काही पुस्तिकांत उष्ण हवामानासाठी किंवा जड ओझ्यासाठी वरची श्रेणी दिलेली असते; तेल खाणाऱ्या जुन्या इंजिनाला त्या तक्त्यातली एक पायरी वर चढता येते. मात्र तक्त्याबाहेर जाऊ नये. आणि श्यानता म्हणजे प्रत नव्हे. प्रत सांगणारा एपीआयसारखा दर्जा डब्यावर वेगळा छापलेला असतो, तोही पुस्तिकेशी जुळवून पाहावा.

मी तेल काढून ०डब्ल्यू-२० भरले. दुसऱ्या दिवशी पहाटे टकटक नव्हती. वाटेत मी बाबांना हे सगळे सांगितले. पद्मिनी जाड तेल धरून घडवलेली होती, तिच्यापुरते तुमचे बरोबरच होते, असेही म्हणालो. त्यांनी पुस्तिका मागून घेतली, चष्मा वर सरकवून तक्ता नीट वाचला आणि म्हणाले, “एवढं लिहून दिलंय, तर माझं कशाला ऐकलंस?”