विलंबित फलनास मूल्ये पुरविणे
जावास्क्रिप्ट या संगणक भाषेत एखादे फलन (ठराविक काम करणारा आज्ञांचा गट) तत्काळ न चालविता काही काळाने चालवावयाचे असल्यास ते समयकाकडे (टायमरकडे) सोपविण्यात येते. अशा सोपविलेल्या फलनास ‘कॉलबॅक’ म्हणतात. ब्रेंडन आइक यांनी ही भाषा नेटस्केप कंपनीत १९९५ मध्ये तयार केली. समयकाची सोय मात्र भाषेच्या मूळ मानकात अंतर्भूत नाही. ती ब्राउझर अथवा नोड (२००९) यांसारख्या यंत्रणा पुरवितात.

समयकास प्रथम फलन व नंतर मिलिसेकंदांतील विलंबकाल देतात. फलनाचे नाव कंसाविना द्यावयाचे असते. नावापुढे कंस करून त्यात मूल्य लिहिल्यास फलन त्याच क्षणी चालते आणि समयकाच्या हाती केवळ त्याचे उत्तर पडते. नवशिक्यांकडून ही चूक वारंवार होते.

दुसरी चूक अधिक घातक होय. समजा, रुग्णालयातील १, २ व ३ क्रमांकांच्या खाटांवरील रुग्णांना औषध देण्याची सूचना तासाभराने द्यावयाची आहे. आवर्तनात खाटेचा क्रमांक ‘व्हार’ने घोषित केलेल्या एकाच चलात ठेवल्यास आवर्तन क्षणार्धात संपते व चलात ३ हे मूल्य उरते. तासाने तिन्ही फलने तोच चल वाचतात. परिणामी तिन्ही सूचना खाट क्र. ३ च्याच निघतात.

यावर पुढील उपाय आहेत : (१) विलंबकालानंतर मूल्ये ओळीने लिहिणे. ती नोंदणीच्या वेळीच निश्चित होऊन यथाकाल फलनास मिळतात. इंटरनेट एक्सप्लोररच्या ९ व्या आवृत्तीपर्यंत ही सोय नव्हती. (२) मूल्यासह फलनास बोलावणारे दुसरे आवरक फलन समयकास देणे. त्याबरोबर ‘लेट’ (२०१५) वापरल्यास प्रत्येक फेरीस स्वतंत्र चल लाभतो. (३) ‘बाइंड’ (२००९) या पद्धतीने मूल्य आधीच बांधलेले नवे फलन तयार करणे. फलनाऐवजी आज्ञांचा मजकूर अवतरणांत देण्याची जुनी रीत असुरक्षित असल्याने टाळतात.

तथापि मूल्य म्हणून वस्तू (ऑब्जेक्ट) दिल्यास तिची प्रत न जाता केवळ निर्देश जातो. मधल्या काळात वस्तूत बदल झाल्यास फलनास बदललेलीच माहिती दिसते. म्हणून नोंदणीच्या वेळची माहिती हवी असल्यास प्रथम तिची प्रत करून घेणे इष्ट ठरते.